गजकर्ण: पोटातून गोळी, वरून मलम

पावसाळा लागला की ठाणे आणि नवी मुंबईतून येणाऱ्या पत्रांत गजकर्णच जास्त असतं. कुणी त्याला नायटा म्हणतं, कुणी नुसतं ‘फंगल’. या वेळच्या पत्रांतली काही घेतली आहेत.

वाशी मार्केटला माथाडी काम करतो. जांघेत आणि कमरेभोवती गजकर्ण आहे. मेडिकलमधली ट्यूब लावली की चार दिवसांत खाज जाते, सोडली की आणखी पसरतं. आता डॉक्टरांनी इट्राकोनॅझोलची कॅप्सूल आणि वेगळं मलम दिलंय. दोन्ही कशाला? — तुर्भे

दादा, आधी त्या जुन्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन असं काही लिहिलेलं असेल, तर त्यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, बुरशीला हात लावत नाही. उलट त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशीला मोकळं रान मिळतं. चट्ट्याची ओळखीची गोल कड पुसट होते आणि मग डॉक्टरलाही निदान अवघड जातं. जांघेतली कातडी पातळ होऊन लांबट रेघा उमटतात. त्या कायमच्या राहतात, म्हणून मला या ट्यूबांची फार चीड आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी काउंटरवर अजून सहज मिळतात. ती ट्यूब आजच बंद करा. बंद केल्यावर काही दिवस खाज वाढू शकते, घाबरून पुन्हा लावू नका.

आता दोन्ही औषधं का? गजकर्णाची बुरशी कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात राहते आणि अंगावरच्या बारीक लवीच्या मुळातही शिरते. मलम वरच्या थरात चांगलं काम करतं, पण केसाच्या मुळाशी नीट पोचत नाही. कॅप्सूलचं औषध रक्तातून, त्वचेच्या तेलातून आणि घामातून आतल्या बाजूने तिथे येतं. भिंतीत बाहेरून पाणी मुरत असताना नुसता आतून रंग देऊन ओल जात नाही, तसंच हे. शिवाय मलमामुळे वरची बुरशी लवकर कमी होते आणि कपड्यांतून ती दुसऱ्याला देणंही कमी होतं.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. भारतात आज जो चिवट गजकर्ण पसरलाय, तो बऱ्याचदा ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीचा असतो. तिला हे नाव 2020 मध्ये मिळालं. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमवर घाव घालतं, त्याच्याच जनुकात या बुरशीच्या अनेक नमुन्यांत बदल झालेला आढळतो. म्हणून पूर्वी टर्बिनाफिनने हमखास बरे होणारे रुग्ण आता बरे होत नाहीत. इट्राकोनॅझोल बुरशीचं आवरण बनण्याच्या पुढच्या पायरीवर अडवतं. सोबतचं मलम वेगळ्या गटातलं असलं, जसं सायक्लोपिरॉक्स किंवा अमोरोल्फिन, तर बुरशीवर दोन वेगवेगळ्या ठिकाणी मार बसतो. मात्र पोटातून घ्यायची दोन औषधं स्वतःच्या मनाने एकत्र करू नका.

कमरेभोवती चट्टे आहेत म्हणता, तर करगोटा बांधता का? घामाने भिजलेला तो दोरा महिनोन्महिने अंगावर असतो आणि बुरशी तिथे टिकून राहते. बरं होईपर्यंत काढून ठेवा. श्रद्धेची गोष्ट असेल तर नंतर नवा बांधा, जुना नको. खाज थांबली म्हणजे बरं झालं, असं धरू नका. चिवट दुखण्याला चार ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्तही लागतात. कातडी पूर्ण साफ झाल्यावरही मलम आणखी दोन आठवडे चालू ठेवायचं.

दंडावर रुपयाएवढा एकच चट्टा आहे. शेजारच्या वहिनींना गोळ्यांनी गुण आला. त्याच घेऊ का? — कळवा

नको ताई. पहिल्यांदाच झालेल्या एका चट्ट्याला नुसतं मलम पुरतं. लोक चूक करतात ती लावण्यात. मधल्या भागावर चोळतात, पण जिवंत बुरशी जास्त असते ती लालसर, खवलेदार कडेला. त्या कडेच्याही बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत मलम गेलं पाहिजे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली पट्टी दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते, त्या हिशेबाने तुम्हाला अगदी थोडं लागेल.

चार आठवड्यांत फरक पडला नाही तर केओएच तपासणी करून घ्या. कडेचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे फांद्या फुटलेले लांब धागे सूक्ष्मदर्शकात दिसतात. गोल दिसणारा प्रत्येक चट्टा गजकर्ण नसतो, एक्झिमाही असाच दिसू शकतो.

वय 62. ॲसिडिटीसाठी रोज पँटोप्राझोल, कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन घेतो. इट्राकोनॅझोल दीड महिना घेतलं, काहीच फरक नाही. — घोडबंदर रोड

काका, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल पोटात विरघळायला आम्ल लागतं. पँटोप्राझोल तेच आम्ल कमी करतं, त्यामुळे औषध आतड्यातून फारसं रक्तात जात नाही. सकाळी एक, रात्री दुसरी असं अंतर ठेवूनही भागत नाही, कारण पँटोप्राझोलचा परिणाम दिवसभर राहतो. ते थांबवता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. कॅप्सूल रिकाम्या पोटी घेत असाल तर भरल्या पोटी, पूर्ण जेवणानंतर घ्या.

सिम्वास्टॅटिनची गोष्ट याहून गंभीर आहे. ते आणि इट्राकोनॅझोल एकत्र घ्यायचंच नाही. सिम्वास्टॅटिनची रक्तातली पातळी खूप वाढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. अंग दुखत असेल किंवा लघवी गडद होत असेल तर आजच डॉक्टरांना गाठा. हृदय कमजोर असल्याचं कधी सांगितलं असेल, पायाला सूज येत असेल, तर तेही लपवू नका. त्या रुग्णांना इट्राकोनॅझोल देत नाहीत. तुमच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून त्वचेच्या डॉक्टरांसमोर ओता, नावं आठवत बसू नका.

पाचवा महिना चालू आहे, पोटावर आणि मांडीवर गजकर्ण. गोळी चालेल का? — ऐरोली

इट्राकोनॅझोल आणि टर्बिनाफिनच्या गोळ्या आता नकोत. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून क्लोट्रिमॅझोलसारखं साधं मलम लावा, स्टेरॉइड मिसळलेलं नाही. बाळंतपणानंतर गोळीचा विचार करता येईल, तेव्हा अंगावर पाजत असाल तर ते आधी सांगा. यजमानांना खाज असेल तर त्यांचे उपचार मात्र आत्ताच सुरू करा, नाहीतर त्यांच्याकडून तुम्हाला पुन्हा होईल.

आम्ही पाच जण एका खोलीत राहतो, तिघांना झालंय. पावसात कपडे वाळत नाहीत. काय करू? — किसन नगर

तिघांचे उपचार एकाच दिवशी सुरू करा, एकाचं संपल्यावर दुसऱ्याचं असं नको. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, आतले कपडे रोज बदललेले. बाधितांचे कपडे वेगळे भिजवा आणि गरम पाण्यात धुवा. वाळले नाहीत तर उलटे करून, शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. ओलसर कपडा अंगात घालणं हे पावसाळ्यात सगळ्यात वाईट. पाचांपैकी कुणाची नखं जाड, पिवळी झाली असतील तर तेही दाखवा, कारण नखात बुरशी राहिली की अंगावरचा गजकर्ण पुन्हा येत राहतो.