पर्यावरणाची डिग्री आहे, सोलर-विंडमध्ये घेतील का?

बेटा, तुझं पत्र मिळालं. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. ही मुलगी चोपडा तालुक्यातली, जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाली, तिला सोलर नाहीतर विंडमध्ये काम करायचंय पण जिथे अर्ज करते तिथे पहिला प्रश्न येतो, इलेक्ट्रिकल की मेकॅनिकल. एका क्लासवाल्याने 85 हजारात सोलर इंजिनिअर करून देतो आणि नोकरीची गॅरंटी देतो असं सांगितलंय, आणि घरी नानांचं म्हणणं की बी.एड. कर नाहीतर एमपीएससीला बस, साईटवर पोरीचं काय काम.

पैशाचं आधी सांगते कारण ते घाईचं आहे, ते 85 हजार भरू नकोस. काही महिन्यांच्या क्लासमध्ये कोणी कोणाला इंजिनिअर करू शकत नाही, आणि ती गॅरंटी लेखी मागून बघ, काय उत्तर येतं ते तुलाच कळेल. पॅनल बसवणं, वायरिंग करणं हे शिकायचं तर सरकारचा सूर्यमित्र कोर्स 2015 पासून आहे, त्याला फी नाही, पण तो मुळात आयटीआय वगैरे केलेल्या पोरांसाठी आहे, तुझा तो रस्ता नाही. तुला जेवढी थिअरी लागेल तेवढी एनपीटीईएल या सरकारी ऑनलाईन वर्गांवर आयआयटीचे प्राध्यापक फुकट शिकवतात, परीक्षा देऊन सर्टिफिकेट पाहिजे असेल तेव्हाच थोडी फी.

आता मुख्य गोष्ट. तू पाठवलेली अर्जांची यादी मी बघितली, डिझाईन इंजिनिअर, साईट इंजिनिअर, मेंटेनन्स इंजिनिअर, सगळीकडे इंजिनिअरच. तिथे बी.ई. आणि डिप्लोमावाली पोरं आहेत, त्या कामात ती तुझ्यापेक्षा पुढेच असणार आणि कंपनी त्यांनाच घेणार, यात तुझा काही दोष नाही. पण प्रकल्प उभा राहताना विजेच्या आधी जमीन येते, गाव येतं, पाणी येतं, पक्षी-प्राणी येतात, आणि ते बघायला कंपनीला वेगळी माणसं लागतात. तुझी डिग्री तिथे चालते. हेच लोकांना माहीत नाही आणि म्हणून आपल्याकडची हुशार पोरं एक तर बी.एड.कडे वळतात नाहीतर दुय्यम इंजिनिअर व्हायला बघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तू लिहिलंयस की कॉलेजात सांगितलं, सोलरला पर्यावरण मंजुरी लागतच नाही मग आपलं काय काम. अर्धं बरोबर आहे ते. 2006 च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांच्या तपासणीच्या, अधिसूचनेखाली उन्हापासून थेट वीज करणाऱ्या सोलर पीव्ही पॅनलला आणि पवनचक्कीला केंद्र-राज्याची ती मंजुरी घ्यावी लागत नाही. पण मोठ्या प्रकल्पाला कर्ज कोण देतं ते बघ. जागतिक बँक गटातली आयएफसी, आणि तिचे निकष पाळणाऱ्या बँका, फंड, हे सगळे पर्यावरण आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास मागतात, त्याला या धंद्यात ईएसआयए म्हणतात, आणि तो नीट झाला नाही तर पैसा अडकतो. त्यात काय असतं, तर जमीन कोणाच्या नावावर आहे आणि प्रत्यक्षात कसतं कोण, गुरं कुठे चरायची, वाट कुठून जायची, पॅनल धुवायला पाणी कुठल्या विहिरीतून उचलणार आणि मे महिन्यात त्या विहिरीत काय उरतं, टॉवरच्या आसपास कोणते पक्षी फिरतात. हे काम कन्सल्टन्सी कंपन्या करतात, मोठ्या सोलर-विंड कंपन्यांत त्यासाठी स्वतःचा ई अँड एस, म्हणजे पर्यावरण-सामाजिक, विभाग असतो आणि साईटवर ईएचएसची, म्हणजे पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा बघण्याची, पोस्ट असते. तू अर्ज तिकडे कर.

आणि हे काम आपल्या भागात किती नाजूक आहे हे तुला मी वेगळं सांगायला नको. धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील आठवतात ना, वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला नीट मिळाला नाही म्हणून जानेवारी 2018 मध्ये त्या वृद्ध शेतकऱ्याने मंत्रालयात विष घेतलं आणि ते गेले. साक्री तालुक्यात पवनचक्क्यांच्या वेळी वनजमीन आणि आदिवासींचा हक्क यावरून वाद झालेत. वीज स्वच्छ आहे म्हणून ती जमिनीवरच्या माणसाला न्यायाने वागवतेच असं नाही, तो न्याय कोणीतरी रोजच्या कामात बघावा लागतो. त्या जागी गावातून आलेलं, अहिराणी समजणारं, सातबारा वाचता येणारं माणूस असेल तर फरक पडतो, असं मी मनापासून म्हणते.

सातबाऱ्याचं म्हणशील तर ते आधी शीक. घरचाच सातबारा आणि आठ-अ काढ, नानांकडून समजून घे, गट नंबर, भोगवटादार वर्ग 1 आणि वर्ग 2 म्हणजे काय, इतर हक्कात काय काय नोंदवतात. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 36 आणि 36-अ वाच. आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे विकून तर जात नाहीच, भाडेपट्ट्यानेही जात नाही. धुळे-नंदुरबारात प्रकल्प करणाऱ्याला हे पहिल्या दिवशी लागतं आणि बाहेरून आलेल्या कन्सल्टंटला बहुतेक वेळा कोणीतरी समजावून सांगावं लागतं. वनहक्क कायदा 2006 आणि त्यातली ग्रामसभा, हेही त्याच्या जोडीला.

पक्ष्यांचं पण तसंच. रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं एक लहान दुर्मिळ घुबड, 1884 नंतर कोणाला दिसला नव्हता, संपला असं धरून चालले होते, तो 1997 मध्ये सापडला कुठे तर आपल्या शहाद्याजवळ. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याला पवनचक्की नाहीतर हायटेन्शन लाईन टाकताना पक्ष्यांची पाहणी ही कागदापुरती गोष्ट नाही. तुझं डिझर्टेशन अनेर धरण अभयारण्याच्या पाणपक्ष्यांवर आहे असं तू पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंयस! अगं ते बायोडाटात सगळ्यात वर पाहिजे. किती ठिकाणी मोजणी केली, कोणत्या महिन्यात, कोणत्या पद्धतीने, सगळं लिही, आणि क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा नकाशा करून जोड. क्यूजीआयएस फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं.

विजेचं थोडं तरी आलंच पाहिजे मात्र, नाहीतर मीटिंगमध्ये गप्प बसावं लागेल. किलोवॅट म्हणजे क्षमता आणि युनिट म्हणजे प्रत्यक्ष झालेली वीज, इथेच पुष्कळ जण गडबडतात. एक उदाहरण देते, आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की जळगावचा मे महिना म्हणजे सोलरची दिवाळी. पॅनलला ऊन पाहिजे, ताप नको. त्याच्यावर छापलेली क्षमता 25 अंशाला मोजलेली असते, आणि पुढे प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के घट. मेच्या दुपारी पॅनल आतून 65 अंशापर्यंत गेलं तर 40 अंशाचा फरक, म्हणजे जवळजवळ 14 टक्के गेले, वर धूळ वेगळी. एवढा हिशोब तुला तोंडी सांगता आला तर समोरचा माणूस पुन्हा इलेक्ट्रिकल की मेकॅनिकल विचारायच्या आधी थांबेल. त्याच्यापुढे इन्व्हर्टर काय करतो, नेट मीटरिंग म्हणजे काय, घराच्या छतावरच्या सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार अनुदान कसं बसतं, कुसुम आणि मागेल त्याला सौर कृषी पंप या सोलर पंपाच्या योजनांत शेतकऱ्याला किती भरावं लागतं, एवढं पुरे सुरुवातीला. गावात कोणाकडे सोलर पंप बसला असेल तर जाऊन तासभर बस आणि त्यांना काय अडचणी येतात ते विचार.

बाकी रस्ते पण आहेत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मोठ्या 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा, अहवाल सक्तीचा केलाय, त्यात पर्यावरणवाल्यांना काम मिळतं पण ते मुंबई-पुण्यात आणि एक्सेलवर जास्त. 2022 च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनलही आलेत, जुनी पॅनलं निघायला लागतील तसं ते काम वाढेल. कपाशीच्या पऱ्हाटीपासून ब्रिकेट-पेलेट, म्हणजे जळणाच्या दाबलेल्या विटा-गोळ्या, करणं आपल्या भागाचंच काम आहे, औष्णिक केंद्रांनी कोळशात बायोमास मिसळावं असं केंद्राचं धोरण आहे आणि दीपनगरचं औष्णिक केंद्र आपल्या भुसावळला आहे, त्यामुळे त्याच्यावर लक्ष ठेव. एनर्जी ऑडिटरची, म्हणजे वीज-इंधन कुठे वाया जातं ते तपासणाऱ्याची, परीक्षा लगेच नको, ती घेणाऱ्या बीईई या केंद्राच्या ऊर्जाबचत संस्थेची पात्रता इंजिनिअर आणि फिजिक्स-केमिस्ट्रीच्या एम.एस्सी.कडे झुकलेली आहे आणि वर अनुभव मागतात, फी भरायच्या आधी नीट वाच.

नाना, आता तुमच्याशी बोलते. तुमची काळजी खोटी नाही. माळरानावरची साईट, रात्रीचं येणं-जाणं, राहायची सोय, हे विचारलंच पाहिजे आणि पोरीने ते मुलाखतीत स्पष्ट विचारावं, त्याने नोकरी जात नाही. कामाच्या जागी बायकांच्या छळाविरुद्धच्या पोश कायद्याची अंतर्गत समिती आहे का, राहणं-खाणं कंपनीचं की आपलं, गाडी कोण देतं, साईटवर बायकांसाठी संडास आहे का. याची सरळ उत्तरं देत नसतील तर तिथे पाठवू नका, मीच सांगते. पण बी.एड. करूनही पुढे शिक्षक भरतीची वाट बघावीच लागते हे तुम्हाला माहीत आहे, आणि एमपीएससी तिला मनातून करायची नाहीये, तिने तसं स्पष्ट लिहिलंय. तिला एक वर्ष द्या. एक दिवस सवड काढून तिच्याबरोबर साक्रीकडे जाऊन या, महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सोलर प्रकल्प 2013 पासून तिथे आहे, छडवेल-ब्राह्मणवेलच्या बाजूला पवनचक्क्या आहेत, आत सोडतील न सोडतील पण रस्त्यावरून दिसतं, आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांशी तुम्ही बोललात तर तिला जे कळेल ते मी इथून सांगू शकत नाही.

सुरुवातीचा पगार फार नसतो, हे तुलाही आणि घरच्यांनाही आधीच माहीत असू दे. पहिली जागा कन्सल्टन्सीत फिल्ड असिस्टंटची मिळाली तरी घे, फक्त लेखी नेमणूकपत्र आणि प्रवासखर्च याबद्दल आधी बोलून घे. एम.टेक.चं पुढच्या वर्षी बघू, गणित बी.एस्सी.ला होतं की नाही ते तू कळवलं नाहीस, त्यावर बरंच अवलंबून आहे. ते कळव, आणि नवीन बायोडाटा दोन पानांत करून पाठव, मी वाचून खुणा करून परत देते.