'टॉड्री'च्या पोटातली राणी

प्रश्न : बाई, इंग्रजीच्या एका गोष्टीत 'टॉड्री' दागिने असा शब्द आला. डिक्शनरीत 'स्वस्त, भडक' एवढाच अर्थ आहे. मग माझ्या आईची एक ग्रॅमची बोरमाळही टॉड्रीच म्हणायची का? हा शब्द आला कुठून?
– बारावीची विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : नाही गं बाळ, आईच्या माळेला हा शब्द लावू नकोस. नुसतं स्वस्त म्हणजे टॉड्री नव्हे. माल हलका, झगमगाट मोठा आणि नजरेला खुपणारा, तेव्हा टॉड्री.

या शब्दाच्या पोटात एक राणी आहे. सातव्या शतकातली एथेलथ्रिथ, लोकांच्या तोंडी ऑड्री. तिनं पूर्व इंग्लंडात ईली इथं मठ उभारला. इ. स. 679 मध्ये गळ्याला गाठ येऊन ती वारली. तरुणपणी गळ्यात जड माळा मिरवल्या, त्याचंच हे प्रायश्चित्त, असं ती म्हणे. बीड नावाच्या इतिहासकारानं हे लिहून ठेवलंय. पुढं ती संत ठरली. 17 ऑक्टोबरच्या तिच्या सणाला ईलीत जत्रा भरायची आणि तिथं विकायला काय, तर गळ्यात बांधायच्या रेशमी फिती! त्यांना म्हणायचे 'सेंट ऑड्रीज लेस'. (ही लेस म्हणजे आपण परकराला लावतो ती जाळीची नव्हे.) भरभर बोलताना 'सेंट'मधला ट ऑड्रीला चिकटला, फितीची 'टॉड्री लेस' झाली. पुढं फिती हलक्या निघू लागल्या नि नावही उतरलं. मला त्या राणीचं फार वाईट वाटतं.

मी शहापूरची, विणकराच्या घरातली. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत मी लाल रिबिनीसाठी हट्ट धरला, की आई तिचं टोक थुंकी लावून अंगठ्यानं चोळायची. अंगठा लाल झाला की म्हणायची, "ठेव की परत. पहिल्या धुण्यात पांढरी पडंल."

मराठीत मला यासाठी 'बेगडी' हाच शब्द जवळचा वाटतो. बेगड म्हणजे बाशिंगाला चिकटवतात तो चमकीचा पातळ पत्रा. भडक लुगडं भारी सुताचंही असू शकतं. बेगडीत चमक आणि हलकेपणा दोन्ही येतात. इंग्रजीत लफड्यालाही टॉड्री म्हणतात, तिथं मात्र बेगडी चालणार नाही, 'हलकट' लिही. तुझ्या गोष्टीत दागिने आहेत, तर 'बेगडी दागिने' लिही.