रोमन सोन्याच्या नाण्यांवरची चित्रं नुसती शोभेची होती का?

अजिबात नाही. ऑरियस हे रोमन सोन्याचं नाणं जेमतेम 20 मिलिमीटरचं, म्हणजे साधारण आपल्या आजच्या रुपयाएवढं. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात त्याचं वजन आठ ग्रॅमच्या आसपास असे आणि एका ऑरियसला चांदीची 25 डिनेरियस नाणी मिळत. एवढ्याशा जागेत कुणाचा चेहरा घ्यायचा आणि कुणाचं नाव कोरायचं, यात सत्ता कुणाच्या हातात आहे ते उघड दिसतं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण नीरोचं. इ.स. 54 मध्ये तो गादीवर आला तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्या वर्षीच्या ऑरियसवर नीरो आणि त्याची आई अग्रिपिना समोरासमोर आहेत, नाकाला नाक भिडेल इतके जवळ. पण कडेचा लेख वाचा. छाप्याच्या बाजूला बिरुदं आहेत ती आईची: ‘दैवी क्लॉडियसची पत्नी, नीरो सीझरची आई’ (क्लॉडियस म्हणजे नीरोच्या आधीचा सम्राट). सम्राटाचं नाव मागच्या बाजूला गेलंय, ओकच्या पानांच्या मुकुटाभोवती, आणि तेही चतुर्थी विभक्तीत, ‘नीरोला’ असं!

पुढच्याच वर्षी, 55 मध्ये, चित्र पालटलं. दोघांची तोंडं आता एकाच दिशेला, नीरो पुढे आणि आई त्याच्या आड, तिच्या चेहऱ्याची फक्त कड दिसते. छाप्यावर नाव मुलाचं, आईचं मागे. त्यानंतर ती त्याच्या सोन्याच्या नाण्यांवरून नाहीशीच झाली. 59 मध्ये नीरोनं तिला ठार करवलं. हे वाचायला इतिहासाचं पुस्तक लागत नाही, नाणी ओळीनं मांडली की पुरे.

बाकी नाण्यांवर विजयाच्या खुणा भरपूर. ऑगस्टसची मगर म्हणजे जिंकलेला इजिप्त, नंतरचा सम्राट व्हेस्पेशियन याची शोक करत बसलेली बंदी स्त्री म्हणजे यहुद्यांचा प्रांत. नीरोच्याच एका नाण्यावर जेनस या रोमन देवाच्या मंदिराची दारं बंद दाखवलीत, कारण ती दारं फक्त सर्वत्र शांतता असली तरच मिटत.

आणि हीच नाणी मिरी-मोत्यांच्या मोबदल्यात दक्षिण भारतात आली, तेव्हा काय झालं पाहा. 1898 मध्ये तमिळनाडूत पुदुकोट्टैजवळ 501 ऑरियस सापडले. त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा खोल घाव आहे. ते नाणं पुन्हा चलनात जाऊ नये म्हणून असं केलं असावं, असं जाणकार म्हणतात आणि मलाही ते पटतं. रोममध्ये ज्या चेहऱ्यासाठी एवढा खटाटोप, तो इथे आडवा कापला गेला. घेणाऱ्याला फक्त सोनं हवं होतं.