अमेरिकेतल्या एखाद्या शहराने पोलिसांशिवाय चालणारं संकट-मदत पथक उभं करायचं तर सुरुवात कुठून करावी?

फोन उचलणाऱ्यापासून. ९११ या आपत्कालीन क्रमांकावर 'भाऊ खोलीत कोंडून बसलाय, एकटाच बडबडतोय' असा फोन आला की तो कुणाकडे वळवायचा, हे तिथेच ठरतं. डेन्व्हरमध्ये जून २०२० पासून अशा वेळी 'स्टार'ची व्हॅन जाते. आत समुपदेशक आणि पॅरामेडिक, हत्यार नाही. अल्बुकर्की शहराने तर या कामासाठी पोलीस आणि अग्निशमनाच्या जोडीला स्वतंत्र खातंच काढलं. मला हेच जास्त पटतं, कारण खात्याला अर्थसंकल्पात स्वतःची जागा मिळते. युजीन शहरात एका क्लिनिकने १९८९ पासून चालवलेली अशीच 'काहूट्स' सेवा एप्रिल २०२५ मध्ये थांबली, तेव्हा फार वाईट वाटलं. आणि रात्रपाळी पहिल्या दिवसापासून हवी. रात्री दोनला कोलमडलेल्या माणसाला 'सकाळी नऊला या' कसं म्हणणार?