जेवणानंतर पोट फुगतं, तपासण्या नॉर्मल आहेत. काय खावं, काय टाळावं?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, दिवसभर खुर्चीवर बसून काम, जेवणानंतर दोनेक तासांत पोट नगाऱ्यासारखं होतं. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या नॉर्मल आल्यात. जिरेपाणी, ओवा, त्रिफळा सगळं करून झालंय आणि आता आहारात नेमकं काय बदलायचं ते विचारताय. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण हे दुखणं मी तीन वर्षं काढलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं सांगणं एकच आहे: आणखी एखादा काढा शोधण्याआधी तुमचं पोट नेमकं कशानं फुगतं ते शोधा. ओव्यानं तासाभराचा आराम पडतो, पण गुबारा धरायला लावणारी वस्तू रोज ताटात येत असेल तर तो ओवा बिचारा किती पुरणार?

माझा त्रास सुरू झाला तो आहार सुधारल्यावर. वजन कमी करायचं म्हणून सकाळी वाटीभर कच्ची मोड आलेली मटकी, जेवणात कांदा-काकडीची कोशिंबीर, पोट साफ व्हावं म्हणून दोन मोठे चमचे इसबगोल आणि झोपताना ग्लासभर दूध. महिन्याभरात अशी वेळ आली, की मधल्या सुट्टीनंतर परकराची नाडी सैल करायला जावं लागायचं. तास घेताना उभं राहवत नसे.

आमच्याकडे दुधाचा हिशेब स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर असतो. तारखेच्या चौकोनात किती लिटर ते लिहायचं, दूध आलं नाही तर ‘खाडा’. वेगळी वही करायचा कंटाळा, म्हणून पोट फुगलं की त्याच चौकोनात मी पेन्सिलनं फुली मारायला लागले. पुढच्या महिन्यात दूधवाले काका गावच्या जत्रेला गेले आणि सलग तीन खाडे पडले. पहिल्या दिवशी फुली होती. पुढचे दोन्ही चौकोन कोरे. त्या पानावर सलग दोन कोरे दिवस दुसरीकडे कुठेच नव्हते! मी ते पान कितीतरी वेळ बघत उभी राहिले.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवायला लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं आणि लहानपणानंतर बहुतेकांच्या आतड्यात ते कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू तयार होतो. ग्लासभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. दह्यात ते कमी होतं आणि तुपात जवळजवळ नसतंच. त्यामुळे ‘दूध सोसत नाही’ म्हणजे ताक आणि तूपही गेलं असं समजू नका. मी दोन आठवडे दूध पूर्ण बंद केलं, चहासकट. मग एका वेळी एकच कप चहा सुरू केला. तो सोसला. रात्रीचं ग्लासभर दूध मात्र पुन्हा घेतलं तेव्हा फुली परत आली, म्हणून ते कायमचं सोडलं.

पण फुल्या पूर्ण गेल्या नाहीत. उरल्या त्या कडधान्याच्या. आपल्या घरात वाल, पावटा, हरभरा, वाटाणा यांना ‘वातूळ’ म्हणतात ते अनुभवातूनच आलंय. त्यांत रॅफिनोज, स्टॅकियोज अशा साखरा असतात. त्या फोडणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतंच, म्हणून थोडाफार वायू सगळ्यांनाच होतो. या साखरा पाण्यात उतरतात. म्हणून कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, मोड आणा आणि मग नीट मऊ शिजवा. ‘पाण्यात सत्त्व जातं’ म्हणून भिजवलेलं पाणी भाजीत घालणारे आहेत, तुमचं पोट फुगत असेल तर ते करू नका. कच्चे मोड खायचे बंद करा. सुरुवातीला मुगाची पिवळी डाळ घ्या, ती बहुतेकांना सोसते. मग अर्धी वाटी मटकीची उसळ, तीही दुपारी. कडधान्यं कायमची सोडू नका. शाकाहारी माणसाचं प्रोटीन त्यातच आहे.

कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टन असतं, तेही असंच आंबतं. मला शिजलेला कांदा चालतो, कच्चा चालत नाही. तुमचं वेगळं निघेल. आठवडाभर पोळीऐवजी ज्वारीची भाकरी किंवा भात खाऊन बघा. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठानं या आंबणाऱ्या साखरांवर बरंच काम केलंय, त्या आहाराला ‘लो फॉडमॅप’ म्हणतात. त्यात दोन ते सहा आठवडे हे पदार्थ कमी करतात आणि मग एकेक करून परत आणतात. परत आणणं हाच त्यातला मुख्य भाग. लोक सगळं बंद करून बसतात आणि हातपाय गळेपर्यंत भात-मुगावर राहतात, तसं करू नका. पूर्ण आहार करायचा असेल तर आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करा.

इसबगोल वाईट नाही, माझं प्रमाण चुकलं होतं. फायबर एकदम वाढवलं की पोट फुगतंच. एका छोट्या चमच्यानं सुरू करा, भरपूर पाण्याबरोबर, आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. बद्धकोष्ठ असेल तर आधी त्याकडेच बघा, कारण मळ तुंबला की वायूही अडकतो.

जेवणाचा वेग. मी डबा सात मिनिटांत संपवायची, वह्या तपासत. भराभर खाताना हवा गिळली जाते. सोडा, च्युइंगगम आणि ‘शुगरफ्री’ गोळ्यांतलं सॉर्बिटॉल हेही फुगवतात.

आता घरगुती उपाय. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जेवल्यावर १०-१५ मिनिटं शतपावली करण्याचा. ऑफिसच्या जिन्यापाशी येरझारा घातल्या तरी चालेल. पातळ ताकात चिमूटभर हिंग आणि सैंधव. अर्धा चमचा ओवा चावून वर कोमट पाणी. बडीशेप. संध्याकाळी पवनमुक्तासन, पण पोट रिकामं असताना. इनोसारखी फसफसणारी पावडर रोज घेऊ नका, त्यात सोडियम भरपूर असतं आणि बीपी असेल तर ते बरं नाही. एक औषधांचंही बघा: घरात कुणाला मधुमेहासाठी व्होग्लिबोज किंवा मेटफॉर्मिन चालू असेल आणि तेव्हापासून गॅस वाढला असेल, तर गोळी मनानं बंद न करता डॉक्टरांना सांगायला हवं. माझ्या सासऱ्यांचं तेच होतं. आम्ही वर्षभर त्यांच्या वांग्याच्या भाजीला दोष देत बसलो.

तुमच्या तपासण्या नॉर्मल आहेत हे चांगलं आहे, पण त्यात सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होते तो आजार) रक्ततपासणी आणि थायरॉइड होतं का ते विचारून घ्या. सिलिअॅकची तपासणी गहू बंद करण्याआधीच करायची, नंतर ती चुकीची येऊ शकते. वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त, रक्त कमी होणं, वारंवार उलट्या, झोपेतून जाग आणणारं दुखणं, यांतलं काही असेल तर कॅलेंडर बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. पोट फुगून वारा सरणं पूर्ण थांबलं आणि उलट्या होत असतील तर त्याच तासाला दवाखाना. पन्नाशी उलटलेल्या बाईचं पोट नव्यानं फुगायला लागलं आणि रोजच फुगत राहिलं, तर गॅस म्हणून सोडून देऊ नका, अंडाशयाची तपासणी करून घ्यायला लावा. तुमच्या घरी आई, मावशी असतील, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय.

तुम्ही उद्यापासून कॅलेंडर घ्या आणि फुली मारा. शेजारी फक्त तीन अक्षरं: दू, क, कां. दूध, कडधान्य, कच्चा कांदा. दोन-तीन आठवड्यांनी एकच गोष्ट बंद करा, तिन्ही एकदम नको, नाहीतर कळणारच नाही कशानं फरक पडला.

मी श्रावणात अजून वालाची उसळ करते. रात्रभर भिजवून, मोड आणून, डाळिंब्या सोलून, फोडणीत हिंग-ओवा घालून. दुपारी एक वाटी घेते, रात्री नाही. गेल्या श्रावणात पाच वेळा केली. फुली एकदाच आली, त्या दिवशी मी दोन वाट्या खाल्ल्या होत्या.