आजीची चाळणी, आजीचा फोटो

प्रश्न : माझ्या आजीचा पोस्टकार्डाएवढा काळा-पांढरा फोटो सापडलाय. तिची पिठाची चाळणी, पोळपाट आणि एक विरलेलं इरकली लुगडंही माझ्याकडे आहे. दुकानातली सोनेरी फ्रेम तिला शोभत नाही. या वस्तूंतून काही करता येईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : चाळणी घ्या. पोळपाटाला भोकं पाडू नका, त्यावर तुमच्याच घरी पोळ्या होऊ देत. चाळणीच्या जाळीतून सुईदोरा आरपार जातो, म्हणून तिला ना खिळा लागतो, ना गोंद. शिवाय तिची कड दोन-तीन इंच उंच असते. उघडी बाजू आपल्याकडे करून टांगली की फोटो देवळीत ठेवल्यासारखा आत बसतो.

पण आधी फोटोचं बोलू. मूळ फोटो भिंतीवर लावायचा नाही. हे मी फार मोठी किंमत देऊन शिकले. वडिलांचा फोटो मी थेट काचेला टेकवून फ्रेम केला होता. घर पेठेतलं, भिंत पावसाळाभर ओल धरणारी. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात त्यांच्या डाव्या गालावर ओला, चकचकीत डाग दिसायला लागला. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो दमटपणाने मऊ होतो आणि काचेला चिकटतो. मी घाबरून फोटो सोलून काढला. गाल आणि कानाची पाळी काचेवरच राहिली. तेव्हा तो काचेसकट स्कॅन करून घ्यायला हवा होता. तो फोटो एकच होता.

म्हणून तुमचा फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, स्कॅन करून घ्या आणि चकाकी नसलेल्या कागदावर प्रत काढा. मूळ फोटो कागदी पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवा. प्लॅस्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये तर नकोच.

आता चाळणी. कड पत्र्याची असेल तर गंज पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. रंग देऊ नका, मी हे अगदी कळवळून सांगते. पुण्यात बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एकदा जाऊन या. दिनकर केळकरांनी जमवलेले अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, दिवे नीट पाहा. हाताळून आलेली झिलई हीच त्या वस्तूंची शोभा आहे. तुमच्या चाळणीवरही जिथे आजीचा अंगठा टेकत असेल, तिथे कड गुळगुळीत झालेली असेल. ती जागा शोधा आणि वरच्या बाजूला ठेवा.

जाळीच्या मापाचा गोल जाड कागद कापा. खोक्याचा पुठ्ठा नको. लाकडाच्या लगद्यातल्या आम्लाने तो काही वर्षांत पिवळा पडतो, वर ठेवलेला फोटोही पिवळा करतो. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तिथला सुती चिंध्यांचा कागद या कामाला उत्तम.

कागदावर लुगड्याचा काठ उभा लावा. चांगला भाग कापू नका, फाटलेल्या बाजूची वीतभर पट्टी पुरते. त्याच रंगाच्या दोऱ्याने काठ, कागद आणि जाळी एकत्र टाचा, प्रत्येक टोकाला दोन टाके पुरेत. फोटोसाठी पाकिटाच्या कोपऱ्याचे चार छोटे त्रिकोण कापा, जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये असायचे तसे. तेही टाचूनच घ्या आणि फोटोचे कोपरे त्यात सरकवा. उद्या प्रत बदलावीशी वाटली तर काही फाडावं लागणार नाही. खळ वापरू नका, तिला कसर लागते. वरच्या कडेजवळ जाळीतून दुहेरी सुतळी ओवली की टांगायची सोय झाली. काचेची गरज नाही. आठवड्याला मऊ ब्रशने धूळ झटका. बाहेरच्या भिंतीवर मात्र लावू नका, आतली कोरडी भिंत शोधा. स्वयंपाकघरातली असली तर फोडणीच्या धुरापासून लांब.

प्रश्न : आम्ही भाड्याच्या घरात राहतो, मालक खिळा ठोकू देत नाहीत. मुलगी रोज चित्रं काढते. ती कुठे लावू?
– एक वाचक, धायरी

उत्तर : गेल्या वर्षीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पत्र्याची पट्टी जपून काढा. पट्टी हलकेच उघडून चित्राची वरची कड आत घाला आणि पक्कडीने दाबा. बोट कापेल, म्हणून हे मुलीला करायला देऊ नका. खालच्या कडेला कपड्यांचे दोन लाकडी चिमटे लावले की कागद गुंडाळत नाही. खिडकीच्या गजाला दोरी बांधून टांगा, फक्त पावसाचे शिंतोडे येणारी खिडकी टाळा. पुढचं चित्र कोणतं लावायचं हे तिलाच ठरवू द्या. आणि उतरवलेल्या चित्रामागे तारीख आणि तिचं त्या दिवशीचं वय लिहून ठेवा, पेन्सिलीने. शाई पुढच्या बाजूला उमटते.