कोअर फाइल गायब नाही, ती दुसरीकडे आहे

तुमची अडचण मला कळली ती अशी: फेडोरा (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर सी-मधला प्रोग्रॅम रात्री कोसळतो, ‘सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड’ असा मेसेज येतो, पण फोल्डरमध्ये कोअर फाइल, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीची प्रत, नसते. यूलिमिट (कोअर फाइलच्या आकाराची मर्यादा) वाढवूनही फरक पडला नाही.

‘डम्प्ड’ असं आलंय, म्हणजे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) मेमरीची प्रत काढलेली आहे. ती कुठे ठेवायची हे ‘कोअर पॅटर्न’ या सेटिंगवर ठरतं. त्याच्या सुरुवातीला पाइपचं चिन्ह असेल, तर प्रत थेट दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती जाते. फेडोरात तो सिस्टमडी-कोअरडम्प. ‘कोअरडम्पसीटीएल लिस्ट’ चालवा, रात्रीची नोंद दिसेल. उशीर करू नका, जुन्या प्रती काही दिवसांनी आपोआप पुसल्या जातात.

मग ती प्रत जीडीबी या डीबगरमध्ये उघडा आणि ‘बीटी’ (बॅकट्रेस) द्या, म्हणजे कोसळताना कोणती फंक्शनं चालू होती ते दिसेल. नुसती प्रश्नचिन्हं आली, तर बहुतेक डीबग सिम्बॉल, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांना फंक्शनची नावं आणि कोडच्या ओळी जोडणारी माहिती, नाहीत. इथेच बहुतेक जण अडकतात. घाईने नवा बिल्ड (कोड पुन्हा कंपाइल) करून तो जुन्या कोअरला लावू नका. मेमरीतले पत्ते जुळत नाहीत आणि जीडीबी भलत्याच ओळीकडे बोट दाखवतो. जो बिल्ड कोसळला, त्याचीच सिम्बॉलसकट प्रत हवी. मी प्रत्येक रिलीजची अशी प्रत जपून ठेवतो.

कोअर फाइलचा उपयोग किती होतो, ते सांगतो. एकदा आमचा प्रोग्रॅम एका पॉइंटरवर (मेमरीतला पत्ता धरणाऱ्या व्हेरिएबलवर) कोसळत होता. त्याची हेक्स किंमत होती ६१७२६१७४६१५३. दिसायला अगदी मेमरीतल्या खऱ्या पत्त्यासारखी, म्हणून दोन दिवस आम्ही भलतीकडेच शोधत बसलो. मग मी त्याच जागेची मेमरी बाइट-बाइट करून पाहिली: ५३, ६१, ७४, ६१, ७२, ६१. अक्षरांत वाचलं तर ‘सातारा’, इंग्रजी स्पेलिंगमध्ये! इंटेलची मशीन्स खालचा बाइट आधी ठेवतात, म्हणून क्रम उलटा दिसत होता. ग्राहकाच्या घरच्या पत्त्यासाठी ३२ बाइटची जागा होती. पत्ता लांब निघाला आणि शेवटचा ‘सातारा’ शेजारच्या पॉइंटरवर सांडला. लॉगमध्ये यातलं काहीच नव्हतं.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे भाग) असतील, तर ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ द्या. कोसळलेला थ्रेड पुष्कळदा नुसता बळी असतो, मेमरी बिघडवणारा दुसराच निघतो.

बीटीचं आउटपुट इथे टाका, मी नक्की पाहीन. कोअर फाइल मात्र कुणालाही पाठवू नका. प्रोग्रॅमच्या मेमरीत त्या क्षणी असलेले पासवर्ड, ग्राहकांचे फोन नंबर, सगळं तिच्यात जसंच्या तसं असू शकतं.